प्यादे मोठे की वेळ?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन बुद्धिबळ स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत हरले. हरण्याचे नवल नाही, खेळात कोणीतरी हरायचेच. नवल याचे की, मात झाली त्या क्षणी माझ्याकडे समोरच्या मुलीपेक्षा एक हत्ती आणि दोन प्यादी जास्त होती. माझ्या वजिराने तिच्या कोपऱ्यात शिरून हा सारा माल गोळा केला होता आणि मी मनातून खूष होते. बाविसाव्या चालीला पटाच्या मधोमध उभ्या असलेल्या माझ्या राजाला मात बसली. परतीच्या गाडीत भाईंदर येईपर्यंत मी पुन्हा पुन्हा हिशेब करीत होते. हिशेब माझ्याच बाजूने निघत होता आणि डाव मात्र तिच्याकडे गेला होता.

रात्री बाबांना सगळा डाव मांडून दाखवला. बाबा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचे काम करतात. शाळा त्यांची आठवीतच सुटली, पण बुद्धिबळ ते गावी आजोबांकडून शिकले. पट पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुझे मोहरे किती बाहेर पडले होते?"

मी मोजले. वजीर आणि एक घोडा. बाकीचे जिथे मांडले तिथेच होते.

"मग बाकीचे होते कशाला?" बाबा म्हणाले आणि जेवायला बसले.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे थोडेफार उमगले, ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न करते. माझा या खेळातला अधिकार मोठा नाही, हे आरंभीच कबूल करते. परंतु ज्या चुकीने मी हरले ती चूक सर्वसाधारण आहे. बुद्धिबळाप्रमाणेच इतर अनेक बैठ्या खेळांत माणूस तीच करतो. आपल्याजवळची कोणती साधनसंपत्ती किती मोलाची, हे न ओळखता तो नुसती ती वाढवत बसतो.

प्रथम सर्वांना ठाऊक असलेली संपत्ती घेऊ. पटावर चौसष्ट घरे आणि दोन्ही बाजूंचे मिळून बत्तीस मोहरे असतात. नवशिक्याला पहिल्या आठवड्यातच एक कोष्टक पाठ करायला लावतात. प्यादे १ गुण, घोडा ३, उंट ३, हत्ती ५ आणि वजीर ९. राजाला गुण नाहीत, कारण तो गेला की डावच गेला. हे कोष्टक उपयोगी आहे यात शंका नाही. घोडा देऊन हत्ती मिळत असेल तर घ्यावा, हत्ती देऊन प्यादे मिळत असेल तर घेऊ नये, एवढा व्यवहार त्यावरून कळतो.

पण हे आकडे आले कोठून? रिकाम्या पटावर एकेक मोहरा ठेवून पाहावा, म्हणजे उलगडा होतो. हत्ती कोठेही ठेवा, त्याला जायला चौदा घरे मिळतात. उंटाला कोपऱ्यात सात, तर मध्यावर तेरा. वजिराला कोपऱ्यात एकवीस आणि मध्यावर सत्तावीस. घोड्याला मध्यावर आठ घरे मिळतात, कोपऱ्यात अवघी दोन. म्हणजे कोष्टकातला आकडा हा मोहऱ्याच्या अंगी असलेला गुण नसून तो किती हिंडू शकतो याची सरासरी आहे. कोपऱ्यात अडकलेला घोडा कागदावर तीनाचा, पण कामाला पाऊणाचाही नाही.

याचा आणखी एक पुरावा या खेळाच्या इतिहासातच आहे. आपल्याकडच्या चतुरंगातून हा खेळ इराण-अरबस्तानमार्गे युरोपात गेला. तोवर वजीर एका वेळी एकच घर तिरपा सरकत असे, पटावरच्या दुबळ्या मोहऱ्यांत त्याची गणना होई. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात नियम बदलला आणि तोच वजीर सर्वांत बलाढ्य झाला. लाकूड तेच, घर तेच, पण वाट मोकळी झाली आणि किंमत वाढली.

माझे आजोबा ज्या देशी पद्धतीने खेळत, तिच्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. पलीकडच्या टोकाला पोहोचले तर ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचेल तो मोहरा होई. घोड्याच्या घरात गेले तर घोडा. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्याचा सरळ वजीर करता येतो. साहजिकच आजच्या खेळात पुढे गेलेल्या प्याद्याचा धाक अधिक. आजोबांच्या खेळात मात्र प्याद्याला दुसरा मान होता. वजिराने मात केली तर नुसती जीत, पण प्याद्याने मात केली तर ती 'प्यादेमात', आणि तिची चर्चा गावात आठवडाभर चाले. सर्वांत हलक्या मोहऱ्याकडून सर्वांत मोठे काम करून घेणे, यातच खेळणाऱ्याचे कसब मानले जाई.

अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला पाणी आणि हिरा यांचे उदाहरण शिकवतात. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात ते मांडले. पाण्यावाचून जगता येत नाही तरी ते स्वस्त, हिऱ्यावाचून कोणाचे काही अडत नाही तरी तो महाग, असे का? पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी याचे उत्तर सीमांत उपयोगितेत शोधले. वस्तूची किंमत ती मुळात किती मोठी यावर ठरत नाही. ती आपल्याजवळ किती आहे आणि तिच्या आणखी एका नगाने आपले किती भागते, यावर ठरते. ज्यांच्याकडे एक दिवसाआड पाणी येते, त्यांना हे पुस्तकावाचूनही समजते. माझ्या त्या डावात खाल्लेला हत्ती हा असाच हिरा होता. मला त्या घटकेला हवे होते पाणी.

ते पाणी म्हणजे वेळ. येथे वेळ म्हणजे घड्याळातली मिनिटे नव्हेत, चाली. प्रत्येकाला आळीपाळीने एकच चाल मिळते. ती साठवता येत नाही, उसनी मिळत नाही. मी वजिराने दोन प्यादी आणि हत्ती खाऊन त्याला परत आणण्यात सहा चाली घालवल्या. त्या सहा चालींत समोरच्या मुलीने दोन्ही घोडे, दोन्ही उंट बाहेर काढले, किल्लेकोट करून राजा सुरक्षित केला आणि उरलेला हत्ती मोकळ्या रांगेत आणला. माझ्याकडे सात गुण जास्त होते, तिच्याकडे सहा चाली जास्त होत्या. लढाई जिथे चालली होती, तिथे तिचे पाच जण होते आणि माझे दोन.

या गोष्टीचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात झालेला डाव. एका बाजूला एकवीस वर्षांचा अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी, दुसऱ्या बाजूला ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझ्वार, दोघे मिळून विचार करून खेळणारे. मॉर्फीने एक घोडा दिला, एक हत्ती दिला आणि सोळाव्या चालीला वजीरही देऊन टाकला. सतराव्या चालीला त्याने हत्तीने मात केली. त्या वेळची पटावरची स्थिती मांडून मी गुण मोजले. मॉर्फीकडे उरले होते एक हत्ती, एक उंट आणि सात प्यादी, म्हणजे १५ गुण. हरलेल्या पक्षाकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि पाच प्यादी, म्हणजे तब्बल २५ गुण. पण त्या पंचविसांतला हत्ती आणि उंट संपूर्ण डावात मूळ घरातून हललेच नव्हते. मॉर्फीचा मात्र प्रत्येक मोहरा कामाला लागला होता. कोणाला या खेळातला एकच डाव शिकवायचा असेल तर हा शिकवावा, असे मला वाटते.

याचा अर्थ मोहरे उधळावेत असा कोणी काढू नये. मॉर्फीने दिलेल्या प्रत्येक मोहऱ्याच्या बदल्यात काहीतरी घेतले होते. कधी एक चाल, कधी मोकळी रांग, कधी राजाची कोंडी. बलिदान म्हणजे दान नव्हे, तो एक सौदा आहे. एका प्रकारची संपत्ती देऊन दुसऱ्या प्रकारची घ्यायची आणि ती वाया जाण्यापूर्वी वापरायची. आपल्या इतिहासात याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले आणि बारा राखले. केवळ किल्ले मोजणाऱ्याला हा पराभवच दिसेल. पण त्या तहाने फौज वाचली, राज्याचा गाभा वाचला आणि उसंत मिळाली. १६७० पासून दिलेले किल्ले एकामागून एक परत येऊ लागले. किल्ला पुन्हा घेता येतो, संपलेली फौज पुन्हा उभी करणे कठीण, हे ज्याला कळते त्यालाच असा सौदा करता येतो.

मोहरे आणि चाली यांखेरीज आणखी दोन प्रकारची संपत्ती पटावर असते. एक म्हणजे जागा. मधली चार घरे ज्याच्या ताब्यात, त्याचे मोहरे दोन्ही बाजूंना लवकर धावू शकतात. गर्दीच्या गाडीत दाराजवळ उभा असलेला माणूस आणि आत कोपऱ्यात दबलेला माणूस, यांच्यात स्टेशनावर उतरताना जो फरक पडतो, तोच हा फरक. दुसरी संपत्ती म्हणजे राजाची सुरक्षितता. ती असते तेव्हा दिसत नाही आणि नसते तेव्हा बाकीची सारी संपत्ती निरुपयोगी ठरते. फ्रान्सच्या फिलिडोरने १७४९ च्या आपल्या पुस्तकात प्याद्यांच्या रचनेवर सर्व भर दिला, याचेही कारण हेच आहे. जागा कोणाची आणि राजा किती सुरक्षित, हे प्याद्यांची भिंत ठरवते. शिवाय प्यादे मागे येत नाही. बाकी मोहऱ्यांची चूक बरेचदा सुधारता येते, प्याद्याची नाही.

आता मुख्य प्रश्न. मोहरे, वेळ, जागा आणि राजाची सुरक्षितता या चारांत सर्वांत मोठे काय? माझ्या मते कायमचे उत्तर नाही, पण डावाच्या अवस्थेप्रमाणे उत्तर देता येते. आरंभी वेळ मोठा, कारण सारे मोहरे घरात असतात आणि जो आधी बाहेर पडेल तो ठिकाण निवडतो. मध्यावर राजाची सुरक्षितता मोठी, कारण दोन्ही सैन्ये उघड्यावर आलेली असतात. शेवटी शेवटी मोहरे कमी झाले की मात करायला कोणी उरत नाही. मग आरंभी क्षुल्लक वाटलेले एक प्यादे डावाचे भवितव्य ठरवते, आणि इतका वेळ लपवून ठेवलेला राजा स्वतः मैदानात उतरून लढू लागतो.

या शेवटच्या अवस्थेचे उदाहरण अलीकडचे आहे. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे जगज्जेतेपदाचा चौदावा आणि अखेरचा डाव चालू होता. चेन्नईचा गुकेश आणि चीनचा डिंग लिरेन यांचे साडेसहा-साडेसहा असे समान गुण होते. गुकेशकडे एक प्यादे जास्त होते, परंतु हत्ती आणि उंट पटावर असेपर्यंत ते प्यादे जिंकून देण्यास पुरेसे नव्हते. बरोबरी होणार असेच सर्वांना वाटत होते. डिंगने हत्तीची अशी एक चाल केली की हत्तींची आणि पाठोपाठ उंटांचीही अदलाबदल अटळ झाली. दोघांनी सारखेच गमावले. पण आता उरले राजे आणि प्यादी, आणि जे प्यादे दहा मिनिटांपूर्वी जवळजवळ बिनकामाचे होते, तेच जगज्जेतेपदाच्या मोलाचे झाले. अठरा वर्षांचा गुकेश सर्वांत लहान वयाचा जगज्जेता ठरला.

येथे संगणकाचाही दाखला देण्यासारखा आहे. २०१७ साली 'अल्फाझीरो' नावाचा संगणक-कार्यक्रम केवळ नियम सांगून, माणसाचे एकही कोष्टक न शिकवता, स्वतःशीच खेळून तयार करण्यात आला. आपल्या मोहऱ्यांना मोकळीक मिळावी म्हणून तो खुशाल प्यादी देताना दिसला. पुढे २०२० मध्ये त्याच्या खेळावरून मोहऱ्यांच्या किमती काढण्यात आल्या, तेव्हा प्याद्याला १ धरून घोडा तीनाच्या किंचित वर, उंट त्याहून थोडा सरस, हत्ती साडेपाचाच्या वर आणि वजीर साडेनऊ असे आकडे आले. म्हणजे आपले जुने कोष्टक सरासरी म्हणून फारसे चुकीचे नाही. चूक होते ती सरासरीलाच प्रत्येक वेळची किंमत समजण्यात.

चालींबरोबरच घड्याळातला वेळही आता खेळाचा भाग झाला आहे. १८८३ च्या लंडनच्या स्पर्धेत यांत्रिक घड्याळे वापरली गेली आणि विचार करणेसुद्धा मोजून मापून करावे लागू लागले. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी या दोन भारतीयांत झाली. दीर्घ वेळाचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निर्णय लागला तो कमी वेळाच्या जलद डावांत, आणि दिव्या जिंकली. त्या विजयाने तिला ग्रँडमास्टर किताबही मिळाला. ती तेव्हा १९ वर्षांची होती, म्हणजे आज मी आहे तेवढ्याच वयाची. वर्तमानपत्रातला तिचा फोटो आईने कापून ठेवला आहे.

आणि या सर्वांच्या आधीची एक संपत्ती आहे. पटासमोर बसायला मिळणे, ही ती संपत्ती. मुंबईच्या खाडिलकर भगिनींपैकी वासंती यांनी १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकली. त्यांची धाकटी बहीण रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा त्यावरून वाद झाला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. पुढे १९८१ साली रोहिणी खाडिलकर आशियाई महिला विजेत्या झाल्या. आज आमच्यासारख्या मुली मुलांसमोर निःसंकोच पट मांडून बसतात, त्यामागे कोणीतरी केलेल्या अशा चाली आहेत.

बुद्धिबळ न खेळणाऱ्या वाचकांसाठी घरोघरच्या 'व्यापार' या खेळाचे उदाहरण देते. सुट्टीत आमच्या मजल्यावरची मुले तो खेळतात. जो भेटेल ते शहर विकत घेत सुटतो, त्याच्यापुढे तिकिटांचा ढीग होतो, पण हातात रोकड उरत नाही. मग एकदा मोठे भाडे भरायची पाळी आली की त्याला सगळे गहाण टाकावे लागते. उलट जो सगळे पैसे जपून ठेवतो, त्याला पुढे घ्यायला शहरच शिल्लक नसते. तिथेही आरंभी जागा मोठी, नंतर रोकड मोठी. खेळ बदलला तरी विचारायचे प्रश्न तेच राहतात. पहिला: हे मिळवायला माझ्या किती चाली जातील? दुसरा: मिळाल्यावर ते कामाला येईल की नुसते पडून राहील? तिसरा: तेवढ्या वेळात समोरचा काय करील? माझ्या त्या डावात हे तीन प्रश्न मी स्वतःला विचारले असते, तर कोपऱ्यातला हत्ती खाल्ला नसता.

यंदाच्या स्पर्धेत मी सुरुवातीलाच एक प्यादे सोडले आणि त्या चालीत किल्लेकोट केला. डाव जिंकले नाही, बरोबरी झाली. पण या वेळी माझा एकही मोहरा घरात बसून राहिला नव्हता.

शेवटी थोडे पटाबाहेरचे. अर्थशास्त्रात 'संधी खर्च' अशी एक संज्ञा आहे. आपण एक गोष्ट निवडतो तेव्हा जी दुसरी सोडावी लागते, तीच तिची खरी किंमत. बारावीनंतर आमच्या शेजारच्या दोन मैत्रिणी गाळ्यात पॅकिंगच्या कामाला लागल्या. मीही जावे, असे एका काकांनी बाबांना सुचवले. त्यांनी कागदावर तीन वर्षांच्या पगाराची बेरीज करून दाखवली. बाबांनी तो कागद नीट वाचला, "हिशेब बरोबर आहे," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या प्रवेशाची फी भरली. आमच्या घरातून महाविद्यालयात येणारी मी पहिलीच. त्या तीन वर्षांचा पगार म्हणजे आमच्या घराने माझ्यासाठी दिलेले प्यादे आहे, हे मला आता पटावरून कळते.

दिलेल्या प्याद्याचा सौदा बरोबर होता की चूक, हे ते देताना ठरत नाही. त्यापुढच्या चालींनी ठरते. दोन वर्षे होत आली, आणि माझे काही मोहरे अजून घराबाहेर पडायचे आहेत.